मॉर्फिनचा डोस वाढत का जातो? टॉलरन्स आणि जुनाट दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदनाशमनाच्या ओपीडीत रुग्णाबरोबर मुलगा येतो, सून येते, कधी शेजारचे काका येतात. खालचे बहुतेक प्रश्न त्यांचे आहेत, दोन-तीन वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचे. ओपीडीतल्या पाच मिनिटांत उत्तर अर्धंच राहतं, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. पुढची बरीच उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत, ती आधीच सांगते. दुखणं जुनाट करणाऱ्या पेशींतल्या घडामोडी आणि औषध बोथट करणाऱ्या घडामोडी बऱ्याच अंशी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. हे कळलं की डोस का वाढवतात आणि काही वेळा का वाढवत नाहीत, ते आपोआप कळतं. वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नये आणि बंद तर मुळीच करू नये.

आधी एका गोळीत रात्र निघायची, आता दोन लागतात. गोळीत काही खोट आहे का?

गोळी बहुधा खरी असते. शक्यता तीन. मूळ आजार पुढे सरकला असेल. शरीराला औषध अंगवळणी पडलं असेल, म्हणजे टॉलरन्स आला असेल. किंवा औषधामुळेच मज्जासंस्था जास्त हळवी झाली असेल. तिन्हींत रुग्ण एकच वाक्य बोलतो, "दुखतंय". उपाय मात्र तिन्हींत वेगळे, काही बाबतींत तर उलटे. म्हणून आम्ही इतके प्रश्न विचारतो: दुखणं त्याच जागी आहे की पसरलं? तसंच आहे की आता जळजळतं, झिणझिण्या येतात? डोस वाढवल्यावर दोन दिवस तरी बरं वाटलं का? घरच्यांना ही उलटतपासणी वाटते, पण डोस ठरतो तो याच उत्तरांवरून.

मुळात मॉर्फिन दुखणं थांबवतं कसं?

आपल्या चेतापेशींच्या आवरणात म्यू रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. गोधडीत टाका घालावा तसं ते आवरणाच्या आरपार सात वेळा आतबाहेर विणलेलं असतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी नॅलोक्सोन (मॉर्फिनची जागा अडवणारं औषध) वापरून मेंदूत असे रिसेप्टर असल्याचं दाखवलं. अफूच्या झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत जागा का असावी, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याचं उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनमधून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं काढलं. ती जागा मुळात आपल्या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामकांची. अफूचं बोंड तिथे बसेल असा रेणू बनवतं, एवढंच. डेल्टा आणि कप्पा हे याच घराण्यातले आणखी दोन रिसेप्टर, पण मॉर्फिनचं काम मुख्यतः म्यूवर चालतं. १९९६ मध्ये म्यूचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांना मॉर्फिन देऊन दुखणं कमी होईना, त्याची ओढ लागेना आणि अवलंबित्वही येईना. चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच दारातून आत येतं, हे त्या प्रयोगाने पक्कं केलं.

मॉर्फिन म्यूला चिकटलं की पेशीच्या आत जी-प्रथिन जागं होतं आणि तीन गोष्टी घडतात. पोटॅशियमच्या वाटा उघडतात. पोटॅशियम बाहेर जातं, पेशी शांत होते आणि सहज पेटत नाही. कॅल्शियमच्या वाटा मिटतात; त्यामुळे पेशीच्या टोकाकडून ग्लुटामेट, सबस्टन्स पी असे वेदनेचे निरोप कमी सुटतात. आणि अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम दाबलं जाऊन सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू, उतरतं. हे तिसरं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असं सगळं मज्जारज्जूच्या मागच्या भागात, डॉर्सल हॉर्नमध्ये घडतं. मध्यमेंदूतल्या ज्या केंद्रातून वेदनेला खाली आवर घातला जातो, तिथेही घडतं.

टॉलरन्स, अवलंबित्व आणि व्यसन एकच ना?

नाही. हा घोळ घरोघरी नुकसान करतो.

टॉलरन्स म्हणजे तोच परिणाम मिळायला जास्त औषध लागणं. अवलंबित्व म्हणजे औषध एकदम थांबवलं की शरीराने बंड करणं. काही आठवडे रोज मॉर्फिन घेणाऱ्या जवळपास प्रत्येकात ते येतं, मग तो माणूस कितीही निर्व्यसनी असो. व्यसन ही वर्तनाची गोष्ट आहे: नुकसान दिसत असूनही ओढ आवरत नाही, औषधासाठी माणूस खोटं बोलतो, बाकी आयुष्य मागे पडतं. कॅन्सरच्या वेदनेसाठी वेळेवर चार तासांनी गोळी मागणाऱ्या आजीला घरचे "गोळ्यांची चटक लागली" म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ती चटक नसते. औषधाचा असर चार तासांत उतरतो, म्हणून ती मागते.

टॉलरन्स येताना पेशीच्या आत नक्की काय बदलतं?

बदल थरांवर थर चढत होतो. काही मिनिटांचे बदल, काही दिवसांचे, काही महिन्यांचे.

पहिला थर मिनिटांचा. रिसेप्टर सतत चालू राहिला की जीआरके नावाची एन्झाइमं त्याच्या पेशीतल्या शेपटीवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. फॉस्फेट चिकटलेल्या शेपटीला बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन धरतं. आता जी-प्रथिनाला जागा उरत नाही आणि निरोप तुटतो. पुष्कळदा पेशी तो रिसेप्टर आवरणासकट आत ओढून घेते. तिथे फॉस्फेट निघतात आणि रिसेप्टर ताजातवाना होऊन परत वर येतो, नाहीतर मोडीत जातो.

यात मॉर्फिनचं एक वेगळेपण आहे. फेंटानिल किंवा मेथाडोन ही मॉर्फिनच्याच गटातली औषधं रिसेप्टरला भराभर आत पाठवतात, मॉर्फिन मात्र हे काम फार कमी करतं. म्हणजे मॉर्फिनखाली बरेच रिसेप्टर पृष्ठभागावरच राहतात, थकलेले, अर्धवट बंद, पण ताजं होण्यासाठी आत न गेलेले. मॉर्फिनचा टॉलरन्स इतका हट्टी का, याचं एक स्पष्टीकरण इथे शोधलं जातं. मला ते पटण्यासारखं वाटतं, पण सगळा टॉलरन्स एवढ्यावर सुटत नाही.

अरेस्टिनची गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण तिने एक पिढी आशेवर ठेवली. १९९९ मध्ये लॉरा बोन, रॉबर्ट लेफकोविट्झ, मार्क कॅरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांत मॉर्फिन जास्त आणि दीर्घकाळ काम करतं. पुढच्याच वर्षी त्यांच्यात टॉलरन्सही कमी येतो असं दिसलं. त्यानंतर अशा उंदरांचा श्वासही कमी मंदावतो असं प्रसिद्ध झालं. मग काय, जी-प्रथिन चालू करणारं पण अरेस्टिनला न बोलावणारं औषध बनवा, म्हणजे वेदनाशमन मिळेल आणि धोका टळेल! या विचारातून आलेल्या ऑलिसेरिडिनला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली. पण त्याच सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी श्वासाचा प्रयोग पुन्हा केला आणि अरेस्टिन नसलेल्या उंदरांचा श्वासही मॉर्फिनने तितकाच मंदावला. ऑलिसेरिडिनवरही श्वास मंदावण्याचा इशारा छापलेला आहेच. एका प्रथिनावर सगळं खापर फोडण्याची घाई इथे महागात पडली.

दुसरा थर दिवसांचा. १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी संकरित चेतापेशी मॉर्फिनमध्ये वाढवल्या. सुरुवातीला सायक्लिक एएमपी खाली गेलं, मग मॉर्फिन असूनही हळूहळू मूळ पातळीवर आलं. पेशीने अ‍ॅडेनिलिल सायक्लेजची ताकद वाढवून दाब पेलला होता. मग मॉर्फिन काढून घेतलं, तर सायक्लिक एएमपी मूळ पातळीच्या कितीतरी वर उसळलं. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईने मान ताठ धरलेली असावी आणि कुणी हंडा अचानक उचलावा, तसं. टॉलरन्स आणि अवलंबित्व एकाच कृतीच्या दोन बाजू कशा, हे एका ताटलीतल्या पेशींनी दाखवलं. निरेनबर्गना त्याआधीच जनुकीय संकेताच्या उकलीसाठी १९६८ चं नोबेल मिळालं होतं. तो माणूस नंतर मॉर्फिनकडे वळला, ही गोष्ट मला नेहमी विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते.

तिसरा थर पेशी-पेशींमधला. १९९१ मध्ये कीथ ट्रुहियो आणि हुदा अकिल यांनी उंदरांना मॉर्फिनबरोबर एनएमडीए रिसेप्टर अडवणारं एमके-८०१ दिलं. मॉर्फिनचा पहिला परिणाम तसाच राहिला, पण टॉलरन्स रोखला गेला. एनएमडीए रिसेप्टर ग्लुटामेटचा, स्मरण आणि शिकणं त्याच्यावर चालतं. म्हणजे टॉलरन्स हा रिसेप्टरच्या थकव्यापुरता राहिला नाही, तो मज्जासंस्थेच्या शिकण्याचा भाग ठरला. वेदना-चिकित्सेतल्या लोकांना हे वाचून दचकायला झालं, कारण जुनाट दुखण्याच्या अभ्यासात एनएमडीएचं नाव आधीपासून गाजत होतं.

जखम भरली तरी दुखणं का राहतं?

माझ्याकडे येणाऱ्या नागिणीच्या रुग्णांचं उदाहरण देते. पुरळ जाऊन वर्ष झालेलं असतं, कातडी कोरडी, डाग फिके. पण बाई पदर त्या बाजूने घेऊ शकत नाही. नऊवारीचा काठ लागला तरी जाळ होतो. घरच्यांना वाटतं, नखरे आहेत. मऊ स्पर्शाने वेदना होण्याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात आणि तो मज्जारज्जूत मोजता येतो.

१९८३ मध्ये लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवर दाखवलं की इजा झाल्यानंतर मज्जारज्जूच स्वतःचा आवाज मोठा करून घेतो. त्याला केंद्रीय संवेदीकरण म्हणतात. साध्या स्थितीत एनएमडीएच्या वाटेत मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. खालून वेदनेचा मारा सतत चालू राहिला की बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं, प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम जागं होतं आणि रिसेप्टरांची ठेवण बदलते. आता तोच मारा जास्त दुखतो आणि मग स्पर्शही वेदनेच्या वाटेने जातो.

दुसरी गोष्ट आवर सुटण्याची. डॉर्सल हॉर्नमध्ये काही पेशी वेदनेच्या पेशींना गप्प करतात. हे गप्प करणं क्लोराइड आत सोडून होतं आणि त्यासाठी पेशीच्या आत क्लोराइड कमी असावं लागतं. ते बाहेर उपसण्याचं काम केसीसी-२ नावाचा पंप करतो. यीव्ह द कोनिंक यांच्या कॅनडातल्या गटाने २००३ आणि २००५ मध्ये दाखवलं की मज्जातंतूला इजा झाली की मायक्रोग्लिया बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि पंप कमी होतो. क्लोराइड आत साचतं आणि गप्प करणारा निरोप निष्प्रभ होतो, कधी उलट पेशीला डिवचतोही. मायक्रोग्लिया म्हणजे मज्जासंस्थेतल्या राखणदार पेशी, रोगप्रतिकाराच्या कामातल्या. वेदनेच्या पुस्तकात त्यांना फार उशिरा जागा मिळाली.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या वेदनेला जुनाट म्हणायची पद्धत आहे. तेव्हा दुखणं हे दुसऱ्या आजाराचं लक्षण राहत नाही, तोच आजार होतो.

मग औषध बोथट होणं आणि दुखणं जुनाट होणं यांचा संबंध नेमका काय?

वरची नावं परत वाचा. एनएमडीए, प्रोटीन कायनेज सी, मायक्रोग्लिया, बीडीएनएफ. हीच नावं दीर्घकाळ मॉर्फिन दिलेल्या प्राण्यांच्या मज्जारज्जूत सापडतात. द कोनिंक यांच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवलं की रोज मॉर्फिन दिल्यावर मायक्रोग्लिया बीडीएनएफ सोडतात, केसीसी-२ उतरतो आणि उंदीर जास्त हळवे होतात. म्हणजे इजेने जे केलं तेच मॉर्फिनने.

मला सर्वांत बोचलेला प्रयोग २०१६ चा आहे. कोलोरॅडोत पीटर ग्रेस, लिंडा वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतूला इजा केलेल्या नर उंदरांना फक्त ५ दिवस मॉर्फिन दिलं. औषध संपलं, पण त्या उंदरांचं दुखणं मॉर्फिन न दिलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट काळ रेंगाळलं. मायक्रोग्लियातली दाह पेटवणारी एनएलआरपी-३ ही यंत्रणा अडवली, तर हे टळलं. इजेने आधीच जागे झालेले राखणदार मॉर्फिनने पुन्हा डिवचले गेले, असा त्याचा अर्थ लावतात.

पण सगळं मायक्रोग्लियावर ढकलू नका. २०१३ च्या त्याच प्रयोगात मायक्रोग्लियातला बीडीएनएफ काढल्यावर हळवेपणा गेला, टॉलरन्स मात्र तसाच राहिला. म्हणजे या दोन गोष्टी सुटू शकतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रेगरी शेरर यांच्या गटाने म्यू रिसेप्टर फक्त वेदनेच्या परिघीय, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूबाहेरच्या, चेतापेशींतून काढून टाकला. टॉलरन्स आला नाही, हळवेपणा आला नाही, वेदनाशमन मात्र टिकलं. उंदरांत मॉर्फिनबरोबर मिथाइलनाल्ट्रेक्सोन, म्हणजे मेंदूत सहसा न शिरणारा रोधक, देऊनही तेच साधलं. हे औषध आज बद्धकोष्ठासाठी वापरात आहे. आणि २०१५ मध्ये जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं होतं की मज्जातंतूच्या वेदनेत मायक्रोग्लियावर अवलंबून राहणं नर उंदरांत दिसतं, मादींमध्ये वेगळ्या प्रतिकारपेशी ते काम करतात. वर्षानुवर्षं प्रयोग नरांवरच होत आले. आमच्या ओपीडीत जुनाट दुखणं घेऊन येणाऱ्यांत बायका जास्त. ही उणीव मला लहान वाटत नाही.

माझं मत विचाराल तर: आधीच संवेदनशील झालेल्या मज्जारज्जूवर वर्षानुवर्षं वाढता डोस टाकणं म्हणजे पेटलेल्या चुलीत आणखी लाकूड सारणं ठरू शकतं. हे जुनाट, कॅन्सर नसलेल्या दुखण्याबद्दल म्हणते आहे. कॅन्सरबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे आणि ते वाचल्याशिवाय हे वाक्य कुणाला पाठवू नका.

मॉर्फिननेच दुखणं वाढतं, हे खरंच माणसांत होतं?

होतं. शस्त्रक्रियेत रेमिफेंटानिल हे मॉर्फिनच्याच गटातलं औषध मोठ्या मात्रेत चालवलं तर नंतर जखमेजवळ जास्त हळवेपणा आणि जास्त औषधाची गरज दिसते. दीर्घ उपचारांत ओळखायची खूण अशी: दुखणं मूळ जागेपेक्षा पसरतं, नीट सांगता येत नाही, कातडी हुळहुळते आणि डोस वाढवला की आणखी बिघडतं. टॉलरन्समध्ये डोस वाढवला की बरं वाटतं. या हळवेपणात डोस हळूहळू उतरवला की बरं वाटतं. रुग्णाला हे पटवणं अवघड असतं आणि त्याचं चुकतही नाही. दुखत असताना औषध कमी करा म्हणणारा डॉक्टर कुणाला आवडेल?

गोळी चुकली की घाम, जुलाब, अंगावर काटा का?

हंडा उचलल्याची गोष्ट आठवा. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा लहानसा पुंजका नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पुरवतो. मॉर्फिनखाली तो दबलेला असतो, सायक्लिक एएमपीची ताकद वाढवून तग धरून असतो. औषध थांबलं की तो भडकतो: छाती धडधडते, घाम फुटतो, बाहुल्या मोठ्या होतात, झोप उडते. आतड्यातही तेच, म्हणून जुलाब. क्लोनिडिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध इथे उपयोगी पडतं, कारण ते त्याच पुंजक्याला शांत करतं.

बाकी सगळ्याची सवय होते, मग बद्धकोष्ठ का जात नाही?

टॉलरन्स सगळीकडे सारखा येत नाही. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. श्वास मंदावण्याला टॉलरन्स येतो, पण पुरता नाही. बाहुल्या बारीक राहतात आणि मोठं आतडं तर जवळजवळ शिकतच नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या चिठ्ठीवरच रेचक असायला हवं, पोट साफ होत असलं तरी. लोक इसबगोल घेतात. इथे ते पुरत नाही, कारण आतडं हलत नसताना नुसता लगदा वाढतो. हालचाल वाढवणारं लागतं, सोनामुखीपासूनचं सेन्ना किंवा बिसाकोडिल. सोनामुखी आपल्या आज्यांना ठाऊक होतीच.

बाबांना कॅन्सरसाठी मॉर्फिन सुरू करायचं म्हणतात. म्हणजे आता शेवट का?

नाही. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, उरलेल्या दिवसांवर नाही. उपचार चालू असतानाही देतात, दुखणं कमी झालं तर हळूहळू उतरवतात.

"आत्ता दिलं तर पुढे काय उरेल?" हा त्याच्यामागचा खरा प्रश्न असतो. मॉर्फिनला वरची ठरलेली मर्यादा नाही. दुष्परिणाम सांभाळून डोस वाढवता येतो. कॅन्सरमध्ये डोस वाढतो तेव्हा पहिला संशय टॉलरन्सचा घेत नाहीत, गाठ वाढल्याचा घेतात. औषध पुढच्यासाठी शिल्लक टाकून आज कण्हत राहण्यात काहीच मिळत नाही. वर सांगितलंच आहे की न थांबवलेली वेदना स्वतः मज्जारज्जू बिघडवते.

भारतात ही भीती कायद्यानेही घट्ट केली. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या, कायद्यानंतर परवान्यांची इतकी गुंतागुंत झाली की बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. नीमच, मंदसौर, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि इथलाच रुग्ण मॉर्फिनविना तळमळतो, ही गोष्ट मी कधीही शांतपणे सांगू शकलेले नाही. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी हे बदलायला अनेक वर्षं दिली. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन यांना अत्यावश्यक मादक औषधं ठरवून नियम देशभर एकसारखे केले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं सेवाकेंद्र, उभं राहिलं. गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. टाटा मेमोरियलमध्ये या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र नातेवाइकांना अजूनही गोळीसाठी शहर गाठावं लागतं.

गुडघे आणि कंबर दुखते. ट्रामाडॉल रोज घेऊ का?

रोज, महिनोन्‌महिने, शक्यतो नको. ट्रामाडॉलही मॉर्फिनच्याच गटातलं, म्यूवर चालणारं औषध आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत २४० माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: जुनाट कंबरदुखी, गुडघा किंवा खुब्याची झीज, निम्म्यांना अफूजन्य औषधं, निम्म्यांना इतर. १२ महिन्यांनी हालचालीत फरक नव्हता. दुखण्याची तीव्रता इतर औषधं घेणाऱ्यांत थोडी कमीच होती आणि दुष्परिणामही कमी.

ट्रामाडॉलचं आणखी एक. यकृतातलं सीवायपी-२डी-६ हे एन्झाइम त्याचं जोरकस रूप बनवतं आणि ते प्रत्येकात वेगळ्या ताकदीचं असतं. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला पाणी वाटते किंवा फार चढते. फिट येणाऱ्यांना आणि नैराश्याची काही औषधं घेणाऱ्यांना ती धोक्याची. २०१८ पासून ट्रामाडॉलही एनडीपीएसखाली आहे.

दुखणं मज्जातंतूचं असेल, म्हणजे नागीण, मधुमेहाने पायांची आग, तर इजा झालेल्या तंतूंच्या पेशींत म्यू रिसेप्टरच घटलेले असतात. मॉर्फिनला धरायला जागा कमी. म्हणून आधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन.

औषध बदललं तर डोस कमी का केला?

एका औषधाचा टॉलरन्स दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही. म्हणून बदलताना हिशेबाने आलेल्या डोसातून साधारण २५ ते ५० टक्के कापतात. मेथाडोनकडे जाताना त्याहून जास्त सावध असतात: ते एनएमडीएही अडवतं आणि शरीरात साचतं. भुलीच्या केटामिनची लहान मात्राही एनएमडीए अडवण्यासाठीच वापरतात.

खसखस खाल्ली तर चालते ना?

अनारशावरची खसखस खुशाल खा. मॉर्फिन बोंडाच्या चिकात असतं, बियांत ते जवळपास नसतंच, वरून थोडं लागलेलं राहतं. पण लघवीच्या तपासणीत ते दिसू शकतं. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे. तिकडच्या लेकीला फराळ पाठवताना लक्षात असू द्या.

अफूशिवायचं नवं काही?

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सुझेट्रिजिनला तीव्र, म्हणजे अल्पकाळच्या वेदनेसाठी परवानगी मिळाली. ते परिघीय चेतापेशींतली नॅव्ह-१.८ ही सोडियमची वाट अडवतं, म्यूला हात लावत नाही. जुनाट दुखण्यासाठी ती परवानगी नाही.

गोळी काही दिवस बंद होती. आता जुनाच डोस घ्यायचा का?

नाही, आधी फोन करा. टॉलरन्स चढायला वेळ लागतो, उतरतो मात्र लवकर. श्वासाच्या बाबतीत तर हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट होता. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या मुलाच्या आईबापांना मी हा आकडा मुद्दाम सांगते.

जागेचाही परिणाम होतो. १९८२ मध्ये शेपर्ड सीगल यांनी हेरॉइनची सवय असलेल्या उंदरांना मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत साधारण एक तृतीयांश मेले, नव्या खोलीत सुमारे दोन तृतीयांश. कधीच न घेतलेले जवळजवळ सगळे मेले. मेंदू खोली, वास, वेळ ओळखून आधीच तयारी करतो. जागा बदलली की ती तयारी होत नाही.

माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अगदी संथ किंवा घोरल्यासारखा असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील, तर १०८ ला फोन करा आणि त्याला कुशीवर वळवा. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास द्या. रुग्णालयात नॅलोक्सोनचं इंजेक्शन मिळतं. त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. मॉर्फिनचा त्याहून जास्त. म्हणून रुग्ण उठून बोलू लागला तरी लगेच घरी नेऊ नका, डॉक्टर सांगतील तोवर तिथेच थांबा.